शब्दगणना आणि शब्दज्ञान : स्पॅम-गाळणीच्या कोशाची एक चिकित्सा

ई-मेलच्या सर्व्हरवर अनाहूत पत्रे वेगळी काढणारी गाळणी ही एका अर्थी कोशकारच होय. पॉल ग्रॅहॅम यांच्या २००२ मधील निबंधाने रूढ केलेल्या पद्धतीनुसार ती प्रत्येक शब्द किती इष्ट व किती अनिष्ट पत्रांत आला याची नोंद ठेवते आणि नव्या पत्राविषयी संभाव्यतेने निर्णय देते.

हा कोश अफाट वाढतो. ‘स्पॅमअसॅसिन’ या प्रसिद्ध गाळणीत मूळ मर्यादा १,५०,००० नोंदींची आहे. ती ओलांडली की सुमारे १,१२,५०० नोंदी राखून, दीर्घकाळ न आढळलेल्या बाकीच्या काढून टाकल्या जातात. पत्रांच्या वर्दळीत ही छाटणी सुरू झाली की काम खोळंबते. म्हणून अनेक व्यवस्थापक स्वयंचलित छाटणी बंद ठेवून ती रात्री स्वतंत्रपणे करवितात. व्यवस्थेच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु शब्द शेवटी केव्हा दिसला एवढेच हा नियम जाणतो. तो उपयोगी आहे की नाही, हे जाणत नाही.

मराठीच्या बाबतीत हा दोष अधिक गंभीर ठरतो. यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मात्रासुद्धा, तीन बाइट घेते आणि या गाळणीची शब्दमर्यादा पंधरा बाइटांची आहे. म्हणजे पाच चिन्हांपुढचा शब्द अखंड राहत नाही. जळगावजवळच्या ‘नशिराबाद’ या नावाचीच आठ चिन्हे, म्हणजे चोवीस बाइट होतात. जुन्या रचनेत त्याचे दोन-दोन बाइटांचे बारा तुकडे होत, ३.४ मालिकेतील पुढील आवृत्त्यांत सुटी आठ चिन्हे होतात. ‘घरात’ आणि ‘घराला’ टिकतात, ‘घरातील’ आणि ‘घराकडे’ मोडतात. अहिराणीतले आटोपशीर ‘घरमा’ मात्र सुखरूप राहते. सुटी चिन्हे सर्वच पत्रांत येत असल्यामुळे त्यांच्यावरून काहीच ठरत नाही. तरीही ती रोज आढळतात म्हणून छाटणीतून वाचतात, आणि क्वचित येणारा अर्थपूर्ण शब्द मात्र गळतो. गावातले खरे पत्र अडकावे आणि मराठीतील फसवणुकीचे पत्र निसटावे, अशी वाट यातून मोकळी होते.

लांबीला मर्यादा हवी, हे मान्यच केले पाहिजे. अन्यथा निरर्थक अक्षरमालिकांनी कोश भरून जाईल. पण रोमन लिपीतील लांब शब्दाची पहिली सात अक्षरे राखली जातात, म्हणजे शब्दाचा गाभा बहुधा वाचतो. मराठीत प्रत्यय व शब्दयोगी अव्यये शेवटी लागतात. तेव्हा ‘घरातील’, ‘घराकडे’, ‘घरासाठी’ यांची नोंद ‘घरा’ या सामान्यरूपाखाली एकत्र करता येईल. त्याने कोश लहान होईल आणि शहाणाही होईल. केवळ मर्यादा दुप्पट केल्याने यातले काहीच साधणार नाही. फुगलेल्या कोशाची छाटणी पंचांग पाहून नव्हे, व्याकरण पाहून व्हावयास हवी.