नाव एक, वाटा चार

नाशकात ‘विष्णू’ या नावावर बोलायचं, तर आपण आधी एक कबूल करू: सारख्या नावांची यादी म्हणजे समीक्षा नव्हे. उलट यादी फसवते. संगीतातले ‘दोन विष्णू’ आपण एका दमात म्हणतो. पण पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, भजनातून गाणं लोकांत नेलं, पुढे इथे नाशकातच रामनामाधार आश्रम उभारला. भातखंडे म्हणजे उस्तादांकडून बंदिशी गोळा करणारे शास्त्रकार. दोघांची स्वरलिपीसुद्धा वेगळी.

साहित्यातली जोडी जास्त बोलकी आहे. गणेश आत्माराम खांडेकर दत्तक गेले, विष्णू सखाराम झाले. गजानन रंगनाथ शिरवाडकरही दत्तक गेले, विष्णू वामन झाले. दोन्हीकडे गणपतीचं नाव जाऊन विष्णूचं आलं. ज्ञानपीठही दोघांना, १९७४ आणि १९८७चं. योगायोग गोड आहे, पण तिथेच थांबलो तर काय हाती लागलं? खांडेकरांनी मिळालेलं नाव कादंबऱ्यांवर छापलं. शिरवाडकरांनी ते नाटकांना दिलं. कवितेसाठी मात्र बहीण कुसुम हिच्यावरून ‘कुसुमाग्रज’ हे नाव स्वतः घेतलं.

दत्तकाचं नाव घराणं सांगतं, घेतलेलं नाव माया सांगतं. म्हणून आम्हाला वाटतं, एका नावाची माणसं किती, हा प्रश्न सोपा आहे. एकाच माणसाला दोन नावं का लागली, हे विचारलं की कवितेपर्यंत पोचता येतं.