‘थांबवील’ आणि ‘पाठवील’

दाभोशाला लोक धबधबा बघायला येतात. जव्हारपासून वीसेक किलोमीटरवर लेंढी नदी सुमारे तीनशे फूट खाली उडी घेते, आणि पावसाळ्यातल्या रविवारी तिथं गाड्या लावायला जागा उरत नाही. माझी नजर मात्र वाटेवरच्या खाचरांकडे जाते. उतारावर बांधामागे बांध घालून केलेली भाताची चिमुकली खाचरं, त्यांच्या वरच्या अंगाला नागली आणि वरईचा माळ. आवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात वाकलेली बाई बघितली की ती कुणाच्या जमिनीत वाकली आहे, हा प्रश्न कुणाला पडत नाही. सातबाऱ्याला मात्र तो पडतो. गाव नमुना सातवर कब्जेदाराच्या नावाशेजारी कुळाचं नाव आणि खंड यांची जागा असते. त्या जागेत नाव असणं किंवा नसणं, एवढ्यावर तीन पिढ्यांचं खाचर टिकतं किंवा जातं.

समजा, अशाच एका खाचराचा मालक जव्हारच्या दिवाणी न्यायालयात दावा लावतो. म्हणतो, हा माणूस घुसखोर आहे, मला ताबा द्या. कसणारा लेखी उत्तरात म्हणतो, मी घुसखोर नाही, मी कूळ आहे. माझा बाप खंड घालत होता. आता न्यायाधीशांपुढे दोन गोष्टी उभ्या राहिल्या. ताबा द्यायचा की नाही, हे त्यांनीच ठरवायचं. पण समोरचा माणूस कूळ आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्यांना नाही. तो कूळ कायद्याच्या कलम ७० प्रमाणे मामलतदाराचा, आजच्या भाषेत तहसीलदाराचा. आणि कूळ असण्याचं उत्तर आल्याशिवाय ताब्याचं उत्तर देता येत नाही.

या पेचासाठी कायद्यात एक छोटं कलम आहे: ८५-अ. दोन उपकलमं आणि एक स्पष्टीकरण, एवढाच त्याचा जीव. कायद्याच्या मजकुराचं रसग्रहण करायचं म्हटलं की लोक आश्चर्यानं बघतात. पण ज्या गद्याच्या एकेका क्रियापदावर माणसाचं शेत अवलंबून असतं, ते गद्य कवितेइतक्याच बारकाईनं वाचायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आधी त्याचा काळ बघू. मुंबईचा कूळ कायदा १९४८ चा. जव्हार संस्थान मुंबई प्रांतात विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात आलं तेही १९४८ मध्येच. पालघर जिल्हा फार पुढचा, २०१४ चा. कूळ कायद्याआधी तीन वर्षं, मे १९४५ मध्ये, तलासरीजवळच्या झरी गावात वारल्यांची सभा भरली होती आणि वेठ नाकारण्याचं ठरलं होतं. या पट्ट्यात कूळ कोण आणि खंड किती, हे तोवर जमीनदाराची वही सांगायची. कसणाऱ्याकडे वही नव्हती, पावती नव्हती. होता तो फक्त बांधावरचा घाम. मग १९५६ चा दुरुस्ती कायदा क्रमांक १३ आला. त्यानं १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवला, त्या दिवशी कूळ जमिनीचं मालक मानलं जाणार होतं, आणि त्याच दुरुस्तीनं ८५-अ हे कलमही घातलं. एका हातानं जमीन दिली आणि दुसऱ्या हातानं, ती कोर्टाच्या पायरीवर हिसकावली जाऊ नये म्हणून, हा आडणा लावला. माझ्या वाचनात ही दोन्ही कामं एकाच मनातून आलेली आहेत.

आता मजकूर. कलम सांगतं ते असं: दिवाणी न्यायालयातल्या दाव्यात जर असा मुद्दा निघाला, की जो मिटवणं, ठरवणं किंवा हाताळणं या कायद्याखालच्या अधिकाऱ्याचं काम आहे, तर न्यायालय दावा थांबवील आणि तो मुद्दा त्या अधिकाऱ्याकडे निर्णयासाठी पाठवील. दुसऱ्या उपकलमात तो अधिकारी मुद्दा ठरवील, आपला निर्णय न्यायालयाला कळवील, आणि मग न्यायालय दावा निकालात काढील.

थांबवील, पाठवील, ठरवील, कळवील, निकालात काढील. पाच क्रियापदं, पाचही ‘ईल’नं संपणारी. कायद्याच्या मराठीत ‘ईल’ म्हणजे आज्ञा आणि ‘ता येईल’ म्हणजे मुभा. कोर्टात काम करणाऱ्या कुणालाही हा फरक विचारा. इथं ‘थांबवता येईल’ असं कुठंच नाही. न्यायाधीशाच्या मर्जीवर काही सोडलेलं नाही. शिवाय कर्ता बघा. पहिली दोन क्रियापदं न्यायालयाची, मधली दोन अधिकाऱ्याची, शेवटचं पुन्हा न्यायालयाचं. पक्षकार एकाही क्रियापदाचा कर्ता नाही. मालक नाही, कूळही नाही. मुद्दा एका कचेरीतून दुसरीकडे जातो आणि परत येतो, तो कागदांच्या पायांनी. दाभोशाहून एसटीनं येणाऱ्या माणसानं नवा अर्ज करायचा नाही, नव्यानं दार ठोठावायचं नाही. या व्याकरणात मला करुणा दिसते.

ती किती जाणीवपूर्वक आहे, हे कळायला त्याआधीची स्थिती माहीत हवी. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी, हे कलम नव्हतं तेव्हा, मुंबई उच्च न्यायालयापुढे धोंडी तुकाराम प्रकरण आलं. न्यायालयानं वाट दाखवली ती अशी: प्रतिवादी कूळ असल्याचं म्हणत असेल तर त्यालाच सांगावं, की वाजवी मुदतीत मामलतदाराकडून निर्णय घेऊन ये. निर्णय त्याच्या बाजूनं लागला तर ताब्याचा दावा फेटाळावा, विरुद्ध लागला तर त्याला घुसखोर धरून दावा पुढे चालवावा. वाट न्याय्य होती, पण चालायची होती कुळानं. १९५६ च्या कलमानं ती पायपीट न्यायालयाच्या शिरावर घेतली. ‘घेऊन ये’ची जागा ‘पाठवील’नं घेतली. कायद्याच्या इतिहासात असे बदल कुणाच्या लक्षात राहत नाहीत, पण गरीब माणसाच्या बाबतीत सगळा फरक याच शब्दात आहे.

पुढे १९६५ मध्ये भीमाजी शंकर कुलकर्णी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जमीन गहाण आहे, ती सोडवून ताबा हवा, असं वादीचं म्हणणं. आम्ही कूळ आहोत, असं प्रतिवादींचं. न्यायमूर्ती बचावत यांनी या कलमाचं जे वाचन केलं ते मला फार सुंदर वाटतं. त्यांच्या मते हे कलम मुळात असं धरूनच चाललेलं आहे, की दावा ऐकायचा अधिकार दिवाणी न्यायालयाला आहे. त्यातला एक मुद्दा ठरवायचा अधिकार तेवढा नाही. म्हणजे ‘आमच्याकडे चालत नाही’ असं म्हणून दावा झटकायची सोय न्यायालयाला नाही, आणि सगळंच आपण ठरवून टाकण्याचीही नाही. दावा आपलाच राहतो, त्यातला एक घास दुसऱ्यानं भरवायचा असतो.

या कलमाचं स्पष्टीकरण तर एखाद्या कवितेच्या शेवटच्या ओळीसारखं दचकवतं. या कलमापुरतं ‘दिवाणी न्यायालय’ म्हणजे १९०६ च्या मामलतदार न्यायालय कायद्याखालचं मामलतदाराचं न्यायालयही धरायचं. पाणंद अडवली, बांध फोडला, पाट बंद केला, असल्या तक्रारी त्या कायद्याखाली मामलतदार चालवतो. तेव्हा कुणी कुळाचा मुद्दा काढला, तर मामलतदारानं न्यायालय म्हणून दावा थांबवायचा आणि कूळ कायद्याखालचा अधिकारी म्हणून तो मुद्दा ठरवायचा. टेबल तेच, माणूस कदाचित तोच. पण अधिकार दोन, आणि दोन्हींची सरमिसळ होऊ द्यायची नाही. अधिकारक्षेत्र माणसाचं नसतं, कामाचं असतं, हे इतक्या थोड्या शब्दांत सांगितलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

हाच प्रश्न अमेरिकेत मोठ्या मांडवाखाली उभा राहतो. तिथं न्यायालयांची दोन घराणी आहेत: संघराज्याची आणि राज्यांची. आपल्याकडे राज्यघटना संघराज्याची असली तरी न्यायव्यवस्था एकच. जव्हारचं तेच कोर्ट केंद्राचा कायदाही लावतं आणि महाराष्ट्राचाही. तिथं मात्र संघराज्याच्या कायद्याखालचा दावा संघीय न्यायालयात गेला, की त्याच घटनेतून निघालेले राज्याच्या कायद्याखालचे दावेही सोबत जाऊ शकतात. १९६६ मध्ये गिब्ज प्रकरणात न्यायमूर्ती ब्रेनन यांनी याची कसोटी घालून दिली: दोन्हींच्या मुळाशी तथ्यांचा एकच गाभा हवा. आणि हेही बजावलं, की मुख्य संघीय दावा सुनावणीआधीच पडला तर उरलेले दावे सोडून द्यावेत. राज्याचा कायदा राज्याच्या न्यायालयालाच अधिक नेमका कळतो. १९९० मध्ये हे संसदीय कायद्यात आलं. तिथलं क्रियापद मात्र मुभेचं: उरलेले दावे ऐकायला न्यायालयाला ‘नकार देता येईल’. न्यायाधीशानं सोय, वेळ, न्याय आणि राज्याचा मान यांचं माप घ्यायचं. २०२५ च्या जानेवारीत, पाळीव प्राण्यांच्या खाद्याच्या एका खटल्यात, तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं आणखी पुढचं सांगितलं: वादीनं आपल्या तक्रारीतून संघीय दावे स्वतःच काढून टाकले, तर मुभाही उरत नाही. मग उरलेल्या दाव्यांवर संघीय न्यायालयाचा अधिकारच संपतो आणि प्रकरण राज्याच्या न्यायालयात परत जातं.

माझ्या मते आपलं कलम या एका बाबतीत सरस आहे. तिथं उरलेला दावा फेटाळला, की माणसाला बहुतेकदा दुसऱ्या दारात नव्यानं उभं राहावं लागतं. इथं दावा त्याच फायलीत, त्याच क्रमांकानं, वाट बघत राहतो.

पण त्या अमेरिकन कलमात एक गोष्ट आहे जी मला आपल्या कलमात हवी होती: घड्याळ. दावा फेटाळला तरी तो संघीय न्यायालयात असताना आणि नंतरचे तीस दिवस मुदतीचा काळ ‘थांबतो’, असं तिथं लिहिलं आहे. या एका शब्दावर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे नऊ न्यायमूर्ती पाच विरुद्ध चार असे विभागले गेले. वॉशिंग्टनच्या नगर प्रशासनात आरोग्य निरीक्षक असलेल्या एका बाईंचा संघीय दावा अडीच वर्षांनी फेटाळला गेला आणि उरलेले दावे सोडून देण्यात आले. त्यांनी ते स्थानिक न्यायालयात एकोणसाठ दिवसांनी दाखल केले. मूळ दावा लावताना त्यांच्या मुदतीतले जवळपास तेवीस महिने शिल्लक होते. ‘थांबतो’ म्हणजे घड्याळ खरंच बंद पडतं, की फक्त तीस दिवसांची सवलत मिळते? बहुमतातर्फे न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी सांगितलं, की घड्याळ बंद पडतं. शिल्लक होतं ते सगळं शिल्लकच राहतं. बाई वाचल्या. आपल्या १९६३ च्या मुदत कायद्याचं कलम १४ याच मनाचं आहे: अधिकार नसलेल्या न्यायालयात प्रामाणिकपणे आणि चिकाटीनं घालवलेला काळ मुदतीत मोजायचा नाही.

मुदतीचं घड्याळ आपणही थांबवतो. निर्णयाचं घड्याळ चालू करायला विसरतो. ८५-अ पुन्हा वाचा. ‘ठरवील’, पण किती दिवसांत? ‘कळवील’, पण कधी? धोंडी तुकाराम प्रकरणात न्यायालयानं ‘वाजवी मुदत’ म्हटलं होतं. ती पायपीट कुळाच्या डोक्यावरून उतरवून कायद्यात आणताना मुदतीचे शब्द मागेच राहिले. या कलमाची एवढी स्तुती केल्यावर हा दोष सांगितला नाही तर ते रसग्रहण अप्रामाणिक होईल. वकील म्हणतात, ‘रेफरन्स गेलाय.’ हे दोन शब्द कितीही वर्षं उच्चारता येतात. तहसीलदारांचा निर्णय झाला, तर त्यावर अपील, पुढे महसूल न्यायाधिकरण. आणि तोवर दिवाणी फाइल थांबलेली. थांबलेल्या दाव्यात जमीन ज्याच्या ताब्यात असते त्याचं काही काळ बरं चालतं. पण कुळाला ताब्याबाहेर काढून झालेलं असेल, तर हाच ‘थांबवील’ त्याच्या उरावर बसतो.

दाभोशासारख्या गावात जमिनीच्या प्रश्नाला आणखीही दारं आहेत. आदिवासीची जमीन १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर आदिवासीकडे गेली असेल, तर १९७४ च्या कायद्याखाली ती परत मिळवण्याचं दार महसूल खात्याचं. तो कायदा सर्वोच्च न्यायालयानं लिंगप्पा पोचन्ना प्रकरणात वैध ठरवला आहे. वनजमिनीवरच्या कसणुकीचा दावा २००६ च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेपासून सुरू होतो. प्रत्येक दाराची चौकट निराळी. चुकीच्या दारात गेलेल्या माणसाला योग्य दाराशी नेऊन सोडणं हे काम मात्र ८५-अ इतक्या स्पष्टपणे फार थोडी कलमं करतात.

म्हणून विधिमंडळाकडे माझी मागणी एका वाक्याची आहे. या कलमाच्या दुसऱ्या उपकलमात ‘ठरवील’च्या आधी मुदत घाला, सहा महिने म्हणा, वर्ष म्हणा, पण घाला. आणि ती येईपर्यंत, ज्यांचा दावा ‘रेफरन्स गेलाय’ म्हणून थांबला आहे त्यांच्यासाठी एक सांगणं: दिवाणी कोर्टातून कागद खरंच निघाला का, हे जावक नोंदीत बघा. मग तहसील कचेरीत जाऊन त्याचा आवक क्रमांक आणि तारीख मागून घ्या, आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यासोबत जपून ठेवा.