मागे सरलेला दरवाजा

बंगळूरच्या कृष्णराजेंद्र रस्त्यावर, मार्केटच्या अहोरात्र कोलाहलाला जवळजवळ खेटून, जुन्या किल्ल्याचा जो तुकडा आज शिल्लक आहे, त्याच्या दिल्ली दरवाजासमोर उभे राहिलो की आपली दृष्टी लाकडाच्याही आधी आणि लोखंडाच्याही आधी सावलीवर जाते. करड्या घडीव दगडांची उंच, सपाट, अलंकाराविषयी बरीचशी उदासीन अशी भिंत सरळ चालत येते आणि दरवाजापाशी एकाएकी मागे सरते. दरवाजा भिंतीच्या दर्शनी रेषेत उभाच नाही; तो कमानीच्या पोटात, आत घेऊन बसवला आहे. भिंतीची कड आणि दाराच्या फळ्या यांच्यामध्ये जी खोली उरते ती सावलीने भरलेली असते, आणि ही सावली योगायोगाने पडलेली नाही, गवंड्याने ती कमानीबरोबरच बांधली आहे. ऊन कलते तशी तिची कड दगडांच्या सांध्यांवरून सरकते, एक थर गिळते, एक थर मोकळा करते. या निश्चल भिंतीवर दिवसभरात घडणारी हालचाल एवढीच, आणि ती पाहायची तर जरा थांबावे लागते. रिक्षातून जाता जाता ती दिसायची नाही.

आता आपण एक पाऊल पुढे जाऊ आणि मापांकडे पाहू. बाहेरची कमान उंच आहे, भिंतीच्या उंचीला शोभेल अशी. तिच्या आत, तिच्याहून बुटके, हत्ती-घोड्यांना पुरेल असे भक्कम दुपाखी दार. आणि त्या दाराच्या एका झडपेत एकट्या माणसापुरती दिंडी. तीन प्रवेश, एकात एक. पहिला किल्ल्याच्या मापाचा, दुसरा सैन्याच्या, तिसरा आपल्या. दुरून पाहताना राज्याचा दिमाख, जवळ येताना लष्कराचा दरारा आणि अगदी दाराशी पोचल्यावर स्वतःचे एकटेपण, असे तीन भाव वीस-पंचवीस पावलांत आपल्या अंगावरून जातात. दिंडीतून जायचे तर मान लववावी लागते. मान लवलेला माणूस आधी डोके आत घालतो आणि मग देह, आणि आतल्या पहारेकऱ्याला नेमके हेच हवे असते. विनय आणि वध यांची सोय एकाच चौकटीत करून ठेवणाऱ्या त्या जुन्या बांधकाम-बुद्धीला मनापासून दाद द्यावीशी वाटते. तिची थोडी भीतीही वाटते.

मराठी वाचकाला इथे शनिवारवाडा आठवणारच. त्याच्याही मुख्य दरवाजाचे नाव दिल्ली दरवाजा, आणि तोही उत्तरेच्या अंगाचा. १७३२ साली वाड्याची वास्तुशांत झाली, म्हणजे हैदरअलीने १७६१ मध्ये बंगळूरच्या किल्ल्याचे काम दगडात करायला घेतले त्याच्या एकोणतीस वर्षे आधी. शनिवारवाड्याच्या दारावर ७२ अणकुचीदार खिळे आहेत, सुमारे बारा बारा इंचांचे. धडक द्यायला आणलेल्या हत्तीच्या कपाळाचा अंदाज घेऊन ठोकलेले. लोखंडाची वेगळी शोभा बंगळूरच्या दारानेही ल्यालेली आहे. पण दोन दरवाजांत मला भावणारा फरक लोखंडाचा नाही, दगडाचा आहे.

आपला सह्याद्रीचा दगड काळा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा तो बेसॉल्ट सावली पिऊन टाकतो. रायगडाच्या किंवा राजगडाच्या दरवाजापाशी उजेड संपतो आणि अंधार सुरू होतो, पण नेमका कुठे, ते बोट ठेवून सांगता येत नाही. कमान आणि तिची छाया एकमेकींत विरघळलेल्या असतात. बंगळूरचा दगड मात्र ग्रॅनाइटच्या कुळातला, फिकट करडा, कणाकणांनी चमकणारा आणि वयाने अतिवृद्ध. याच शहरातल्या लालबागेतली टेकडी सुमारे ३०० कोटी वर्षांच्या अशाच खडकाची आहे आणि तिला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा मान आहे. या फिकट दगडावर सावली शाईने आखल्यासारखी उठते. कमानीचे प्रत्येक वळण, दोन चिऱ्यांमधली प्रत्येक फट, चुन्यात घडवलेल्या कमळाची प्रत्येक पाकळी आपापली छाया स्वतंत्रपणे सांभाळून असते. त्यामुळे सह्याद्रीतल्या मागे सरलेल्या दरवाजात गूढ आहे आणि बंगळूरच्या दरवाजात स्पष्टता आहे. दोन्ही आपापल्या जागी सुंदर. पण रेषेचा आनंद ज्याला हवा त्याने इथे यावे, असे मी म्हणेन.

मागे सरण्याची ही युक्ती अर्थात हैदरअलीची नव्हे. रायगडाचा महादरवाजा आठवून पाहा. हिरोजी इंदुलकरांनी तो दोन बुरुजांच्या कुशीत असा काही लपवला आहे की चढण चढून थेट बुरुजांच्या पायथ्याशी येईपर्यंत इथे दार आहे याची खात्रीच पटू नये. गोमुखी बांधणी म्हणतात ती हीच. तिथे केवळ दार नव्हे, सगळी वाटच आत ओढून घेतलेली असते. शत्रू दारापर्यंत आला की त्याच्या दोन्ही बाजूंना आणि डोक्यावर आपली माणसे. बंगळूर सपाट माळावरचे, तिथे डोंगराची कूस मिळणार कुठून? म्हणून ती वळणांतून निर्माण केली आहे. दारातून आत गेले की वाट सरळ किल्ल्यात जात नाही. भिंतींच्या कोंडीत अडते, वळते, मोकळ्या चौकात येते आणि पुन्हा दाराला सामोरी जाते. हत्तीला किंवा ओंडक्याला धडक देण्यापूर्वी जी धाव लागते, तीच या वळणांनी काढून घेतली आहे.

आणि तरीही या कोंडीत माणसे राहत होती, बसत होती, गप्पा मारत होती, हे विसरून चालणार नाही. वाटेच्या कडेला कमानींच्या ओवऱ्या आहेत. आपल्या वाड्यांत ज्यांना देवड्या म्हणतात त्याच. पहाऱ्यावरच्या शिपायाचे आयुष्य या एवढ्याशा उथळ कोनाड्यात जात असे. त्याच्या पाठीला दगडाचा गारवा, समोर येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ आणि डोक्यावर कमानीची कातरलेली महिरप. राजाला महिरप दरबारात मिळे, याला दारात. आतच एक छोटे गणपतीचे देऊळ आहे. मराठी वाड्यात गणपती दाराच्या गणेशपट्टीवर बसतो आणि येणाऱ्याकडे वरून पाहतो; इथे तो दार ओलांडल्यावर भेटतो. हैदर आणि त्याचा मुलगा टिपू यांच्या लष्करी किल्ल्यात, दाराच्या आतल्या अंगाला, विघ्नहर्त्याची जागा शाबूत राहिली, हे या वास्तूतले मला सर्वांत प्रिय असलेले दृश्य.

या जागेचा इतिहास दारांचाच आहे, असे म्हटले तरी चालेल. केंपेगौडाने १५३७ च्या सुमारास पेठेभोवती मातीचा कोट उभारला तेव्हाची एक दंतकथा बंगळूरकर अजून सांगतात: दक्षिणेचा दरवाजा बांधून होई आणि रात्रीत ढासळे, अखेर केंपेगौडाची गरोदर सून लक्ष्मम्मा हिने त्या दाराशी आत्मबलिदान केले आणि दरवाजा टिकला. पुढे १६३८ मध्ये बंगळूर आदिलशाही फौजेच्या हाती पडले आणि शहाजीराजे इथे नांदू लागले. त्यांच्या दरबाराचे वैभव जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’मध्ये आहे, आणि तो ग्रंथ इतिहासाचार्य राजवाड्यांनी संपादून आपल्यापुढे ठेवला. जिजाऊसाहेब आणि बालशिवाजी ज्या दाराने त्या दरबारात आले असतील ते दार पाहायला मिळाले असते तर! पण दगड बोलतो तो हैदरच्या काळापासून. मातीच्या कोटाने राजे पाहिले आणि तो मातीत गेला.

२१ मार्च १७९१ च्या रात्री इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या फौजेने टिपूकडून किल्ला घेतला. किल्लेदार बहादूरखान लढता लढता पडला. पण आपण रसिक म्हणून एक गोष्ट नीट पाहून ठेवू: इंग्रज या दरवाजातून आले नाहीत. त्यांनी दरवाजाजवळचीच भिंत तोफांनी फोडली आणि त्या खिंडारातून ते आत शिरले. ती जागा दाखवणारी छोटी पाटी आजही भिंतीत आहे. म्हणजे वळणे, दिंडी, देवड्या, लोखंड यांनी आपले काम चोख केले होते; नव्या तोफांनी प्रश्नच बदलून टाकला. त्याच सुमारास परशुरामभाऊ पटवर्धन धारवाडला वेढा घालून बसले होते, आणि टिपूविरुद्धच्या त्या युद्धात मराठे इंग्रजांच्या बाजूला होते. पाटीसमोर उभे असताना हे आठवले की मनात जरा चुळबूळ होते खरी.

इंग्रजांनी १८०९ मध्ये बंगळुरात छावणी वसवली आणि प्रवेशाची सगळी कल्पनाच उलटी केली. छावणीतल्या बंगल्याचे दार मागे सरत नाही. पोर्चच पुढे येतो, घोडागाडीला छपराखाली घेतो. त्या पोर्चवरचे आणि खिडक्यांवरचे टोकदार लाकडी छत, खाली नाजूक पट्ट्यांची झालर, हे बंगळूरचे खास लेणे. त्याला तिथे ‘मंकी टॉप’ म्हणतात. देखणे आहेच, पण ते गाडीतून उतरणाऱ्यासाठी. पायी येणाऱ्याची काळजी घ्यायला पुन्हा जुन्या वस्त्यांत जावे लागते. प्लेगनंतर वसलेल्या बसवनगुडीत आणि मल्लेश्वरमात (या दुसऱ्या वस्तीला नाव देणारे काडु मल्लेश्वराचे देऊळ व्यंकोजीराजांच्या काळाशी जोडले जाते) काही जुनी घरे अजून उभी आहेत. त्यांचे दार भिंतीपासून दोन हात मागे, आणि त्या मोकळ्या जागेत दोन्ही बाजूंना बसायला दगडी ओटा. कन्नडमध्ये त्याला ‘जगली’ म्हणतात. वाटसरूने टेकावे, भाजीवालीने टोपली उतरवावी, घरातल्या आजोबांनी संध्याकाळी रस्ता न्याहाळावा. किल्ल्याच्या देवडीचेच हे शस्त्र खाली ठेवलेले रूप. भिंत मालकाची, रस्ता सरकारचा आणि हा मधला दोन हातांचा सावलीचा तुकडा कुणाचाही. आज तिथे इमारती उठताहेत त्यांचे शटर थेट फूटपाथच्या रेषेत खाली येते, आणि पावसात माणसाला आडोसा म्हणून दुकानात काहीतरी विकत घ्यावे लागते.

बंगळूरला जाणारे आपल्यातले बहुतेक जण टिपूचा उन्हाळी महाल पाहतात. १७९१ मध्ये पुरा झालेला, सागवानी खांबांचा, महिरपींचा. तो पाहावाच. पण किल्ल्याचा हा दरवाजा तिथून पायी जाण्याजोग्या अंतरावर असूनही वगळला जातो, किंवा फोटोपुरता उरकला जातो. मेट्रोच्या हिरव्या मार्गिकेवर कृष्णराजेंद्र मार्केट स्थानकाला उतरा, आधी दरवाजापाशी या, आत जाण्याची घाई न करता कमानीखाली सावलीत थोडा वेळ उभे राहा, आणि महाल नंतर पाहा.