सप्तर्षी आणि म्हातारीची खाट : तारकानामांची एक चिकित्सा

प्रस्तावना :
तारकासमूह आकाशात आखलेला नसतो. तो पाहणाऱ्याने कल्पिलेला असतो. त्यामुळे त्याचे नाव हे केवळ ओळखीचे साधन नसून त्या समाजाच्या निरीक्षणाचा दस्तऐवज ठरते. चिमूर परिसरातील मराठी शाळेत विद्यार्थी 'सप्तर्षी' हे नाव शिकतो. परंतु चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या गोंड समाजाने त्याच ताऱ्यांना दिलेले नाव सहसा वर्गापर्यंत पोहोचत नाही. प्रस्तुत लेखात या दोन नामपद्धतींचा विचार केला आहे.

विवेचन :
संस्कृत परंपरेत क्रतू, पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरस, वसिष्ठ व मरीची अशी सात स्वतंत्र नावे आहेत. वसिष्ठाजवळचा अंधुक तारा अरुंधती होय. मात्र हे नामकरणही आरंभापासून स्थिर नव्हते. ऋग्वेदात 'ऋक्ष' असा उल्लेख येतो आणि सप्तर्षींना पूर्वी 'ऋक्ष' म्हणत, असे शतपथ ब्राह्मण सांगते. ऋक्ष म्हणजे अस्वल. ग्रीकांनीही येथे अस्वलच पाहिले.

मयंक वाहिया व गणेश हलकारे यांनी महाराष्ट्र, आंध्र प्रदेश व मध्य प्रदेशातील सुमारे 15 गोंड गावांत केलेला अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार गोंड परंपरेत पहिले चार तारे म्हणजे म्हातारीची खाट, तर उरलेले तीन म्हणजे ती पळवू पाहणारे चोर. 'सप्तर्षी' हे नाव संख्या सांगते. गोंड नाव चौकोन आणि शेपूट ही रचना सांगते. निरीक्षण म्हणून ते अधिक नेमके आहे.

या अभ्यासाने गोंडांच्या वेगळेपणाचे कारण त्यांच्या दीर्घ अलिप्ततेत शोधले. हा निष्कर्ष तपासून घ्यावा लागतो. अरबी परंपरेतही चार ताऱ्यांची तिरडी व तिच्यामागून चालणाऱ्या तीन कन्या आहेत. दूरस्थ समाजांना समान विभागणी सुचते, तेव्हा अलिप्ततेइतकाच ताऱ्यांच्या मांडणीचाही विचार करावयास हवा.

भौतिकदृष्ट्या यांपैकी कोणतीही विभागणी अंतिम नाही. क्रतू व मरीची वगळता मधले पाच तारे सुमारे 80 प्रकाशवर्षांवर असून एकाच दिशेने प्रवास करतात. निसर्गाची विभागणी पाच आणि दोन अशी आहे.

निष्कर्ष :
आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने 2016 पासून ताऱ्यांची नावे प्रमाणित करण्यास प्रारंभ केला. त्यात या सातही ताऱ्यांची अरबी मूळ असलेली नावे स्वीकारली गेली. ग्रंथात व तारायंत्रांवर कोरलेली नावे टिकली. मौखिक नाव मात्र सांगणाऱ्याबरोबर संपते. म्हणून 'सप्तर्षी' वगळण्याची नव्हे, तर त्याशेजारी 'म्हातारीची खाट' शिकविण्याची आवश्यकता आहे. या परिसरातील महाविद्यालयांनी गोंडी नावे नोंदविताना गाव, ऋतू व प्रत्यक्ष दाखविलेला तारा यांची नोंद केल्यास ती केवळ लोककथा न राहता अभ्याससाधन ठरेल.