‘कावा’ शब्दाचा अर्थ आणि पवनीचा कोट

मराठ्यांच्या युद्धपद्धतीविषयीं लिहितांना ‘गनिमी कावा’ याचा उलगडा ‘शत्रूस फसविण्याचें कपट’ असा करण्याचा प्रघात पडला आहे. हा अर्थ आम्हांस अपुरा, किंबहुना दिशाभूल करणारा वाटतो.

‘कावा’ हा घोडेस्वाराचा शब्द होय. घोड्यास वर्तुळाकार फिरविणें हा त्याचा अर्थ काशीच्या नागरीप्रचारिणी सभेच्या ‘हिंदी शब्दसागरां’त दिलेला आहे, ‘कावा काटना’ म्हणजे चक्कर घेणें, तसेंच नजर चुकवून दुसरीकडे निघून जाणें, असेंही तेथें सांगितलें आहे. दुसरा अर्थ पहिल्यांतून निघाला हें उघड दिसतें. मराठींत मात्र ‘कावेबाज’ रूढ झाला आणि घोडा मागें पडला!

1728 ची पालखेडची मोहीम घ्यावी. निजाम पुण्याकडे वळला असतां बाजीरावानें औरंगाबादेचा रोख धरला. तेव्हां निजामास जड तोफखाना मागें टाकून धांवावें लागलें व पालखेडाजवळ तो पाण्यावांचून कोंडला गेला. येथें विश्वासघात कोणाचा झाला? बाजीरावानें जागा बदलल्या, आणि शत्रूस त्या बदलावयास लाविल्या, इतकेंच.

नागपूरकर भोसल्यांच्या इतिहासांत हा भेद अधिकच स्पष्ट होतो. 1742 मध्यें भास्करराम कोल्हटकरानें बर्दवानाजवळ अलीवर्दीखानाच्या फौजेभोंवतीं स्वार फिरवून तिची रसद तोडली, तो कावा. 1744 मध्यें मनकरा येथें अलीवर्दीनें त्याच भास्कररामास भेटीस बोलावून सरदारांसह मारविलें, तें कपट. दोहोंस एकच शब्द लाविल्यास इतिहासकारास निवाडा करण्याचें साधनच उरत नाहीं.

या शब्दास स्थलाचीही मर्यादा आहे. भंडारा जिल्ह्यांतील पवनी 1969-70 च्या उत्खननांत सांपडलेल्या स्तूपांमुळें प्रसिद्ध आहे. आमचा विषय तेवढा प्राचीन नाहीं. येथें वैनगंगेचा कांठ आहे व जमिनीच्या अंगास तट आणि खंदक आहेत. अशा कोटांतील शिबंदीस जागा सोडतां येत नाहीं. तेथें वेढा पडतो, मोर्चे लागतात. काव्यास मोकळें रान हवें. म्हणून स्थलवर्णनकारांनीं तटाआडून दिलेल्या झुंजीस गनिमी कावा म्हणूं नये. कोटाबाहेरील स्वार वेढा घालणाऱ्याची रसद मारीत फिरत असल्यास गोष्ट वेगळी. मग तो शब्द त्या स्वारांपुरता योजावा.