अभंगातील नाममुद्रा आणि ‘मी’पणा

संतकवी स्वतःचा उल्लेख तृतीय पुरुषात करतात, यावरून त्यांचा अहंकार ईश्वरापुढे गळून पडला होता, असा निष्कर्ष काढण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. उत्तरपत्रिकांत हे विधान हमखास आढळते. प्रस्तुत लेखकाने त्याला कित्येक वर्षे गुणही दिले आहेत. व्याकरणाच्या अंगाने पाहू गेल्यास मात्र हा निष्कर्ष टिकत नाही.

‘तुका म्हणे’ ही मुद्रा घ्यावी. नाम तृतीय पुरुषी असले तरी क्रियापद उच्चाराचे आहे, आणि अभंगाचा निर्णय बहुधा त्याच्याच पाठोपाठ येतो. मौखिक परंपरेत ही मुद्रा कर्तृत्वाची निशाणीही होती. सालोमालोवर तुकोबांनी कठोर अभंग रचले आहेत; तो त्यांच्या रचना स्वतःच्या नावे खपवीत असे, असे परंपरा मानते. नावाची आसक्ती अजिबात नसती, तर हा संताप कशासाठी?

एकनाथांच्या ‘एका जनार्दनीं’ या मुद्रेची घडण निराळी आहे. तिच्यात क्रियापदच नाही. कवीचे नाव गुरूच्या नावाच्या सप्तमीत जाऊन बसते. ‘नामयाची जनी’ येथे तेच कार्य षष्ठी करते. ज्ञानदेवांच्या नावावरील अनेक अभंगांत तर ‘बापरखुमादेविवरु’ अशी मुद्रा येते. तेथे कवीचे नाव लोपून आराध्याचेच उरते. यावरून नम्रतेची चढती श्रेणी लावण्याचा मोह होईल, पण तो आवरावा. मुद्रा रूढ झाली की तिच्यातील अर्थ झिजतो. ‘दास’, ‘पामर’, ‘पतित’ या शब्दांचेही तेच. पत्राखाली ‘आपला आज्ञाधारक’ असे लिहिणारा गृहस्थ आज्ञाधारक असतोच असे नाही.

अधिक बिकट प्रश्न पुढेच आहे. आपली वाणी आपली नव्हे, देव बोलवितो तसे आपण बोलतो, असे तुकोबा वारंवार सांगतात. हे विधान लीनतेचे खरे; परंतु याहून मोठा अधिकार कोणता कवी सांगू शकेल? येथे नम्रता आणि अहंता एकाच वाक्यात नांदू शकतात, आणि दांभिकाला हेच वाक्य उसने घेता येते. दांभिकांविषयी तुकोबा इतके कडवट का होतात, याचा उलगडा येथे होतो, असे आम्हांस वाटते.

मग कसोटी कोणती? वह्या इंद्रायणीत बुडाल्यानंतर तुकोबांनी तेरा दिवस धरणे धरले, आणि पुढे वह्या तरल्या अशी आख्यायिका आहे. त्या प्रसंगाच्या अभंगांत विजयाचा सूर अपेक्षित होता. प्रत्यक्षात देवाला आपण कष्ट दिले, त्याचा अंत पाहिला, याची खंत आढळते; आणि ती सांगताना ‘म्यां’ हे प्रथम पुरुषाचे तृतीयान्त रूप येते. ‘अन्याय झाला’ असे म्हणून कर्त्याला वगळण्याची सोय मराठीत आहे. तुकोबा ती घेत नाहीत. ‘मी’ येथे पुसला जात नाही. तो अपराधाचा कर्ता म्हणून पुढे उभा राहतो.

एका प्रसंगावरून संपूर्ण गाथ्याविषयी बोलणे अर्थातच धाडसाचे होईल. त्यासाठी ‘मी’, ‘म्यां’ आणि ‘मज’ या रूपांबरोबर कोणती क्रियापदे येतात आणि मुद्रेबरोबर कोणती, याची वेगवेगळी सूची करावी लागेल. गाथ्याच्या प्रतींतील पाठभेद पाहता ते काम एका वर्षात उरकण्यासारखे नाही.