'रद्द करा' कुठे आहे?

जेफ ऑर्लोव्स्कीचा 'द सोशल डायलेमा' हा माहितीपट २०२० साली नेटफ्लिक्सवर आला, तेव्हा मी नुकतीच इंजिनिअरिंग संपवून नोकरीला लागले होते. तेव्हा तो पाहून भीती वाटली होती. परवा पुन्हा पाहिला आणि चिडचिड झाली.

त्यात एक काल्पनिक कुटुंब आहे. जेवताना आई सगळ्यांचे फोन टायमरवाल्या डब्यात बंद करते आणि धाकटी मुलगी हातोडीने तो डबा फोडते. बेन नावाचा मुलगा फोनला चिकटलेला असतो. त्याला पुढे काय दाखवायचं, हे नियंत्रण कक्षात बसलेली तीन माणसं ठरवतात. ही माणसं म्हणजे अल्गोरिदम. तिघांच्याही भूमिकेत एकच नट आहे.

दृश्य लक्षात राहतं, पण ते खोटं आहे. मी अशाच एका खोलीत काम करते. तिथे सोमवारची मीटिंग असते, चहा असतो, खाली जाणारा एक आलेख असतो. एकदा माझ्या नावावर तिकीट आलं: 'सदस्यता सोडणाऱ्यांचं प्रमाण कमी करणे.' मी 'रद्द करा' हे बटण पहिल्या पानावरून उचलून तीन पानं आत नेलं. दुपारच्या जेवणाआधी काम संपलं. दुष्टपणा करा असं कुणीच म्हणालं नव्हतं.

काही महिन्यांनी आईचा फोन आला. "अगं, दर महिन्याला पैसे कापले जातायत. हे बंद कुठून करायचं?" ते ॲप आमच्या कंपनीचं नव्हतं. तरी बटण कुठे असेल, हे मी न बघता सांगितलं.

माहितीपटात ट्रिस्टन हॅरिससारखे मोठ्या कंपन्यांतले माजी कर्मचारी प्रामाणिकपणे बोलतात. कायदे हवेत, असंही म्हणतात. पण प्रेक्षकाच्या हाती लागेल असा सल्ला येतो तो शेवटच्या श्रेयनामावलीत: नोटिफिकेशन बंद करा, सुचवलेले व्हिडिओ पाहू नका. म्हणजे खड्डे आम्ही खणायचे आणि जपून तुम्ही चालायचं.

याउलट, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न'विरोधी मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. वाचायला रूक्ष सरकारी कागद. पण त्यात १३ प्रकार नावानिशी दिले आहेत: खोटी घाई करणं, न विचारता खरेदीच्या टोपलीत वस्तू टाकणं, सदस्यतेचा सापळा. रद्द करण्याची वाट लपवणं या शेवटच्या प्रकारात मोडतं. तिथे मला माझं बटण सापडलं. 'मला हे पटत नाही' एवढ्यावर मीटिंग थांबत नाही. 'हे पाचव्या की सहाव्या प्रकारात येतं?' असं विचारलं की निदान सगळे वर बघतात.

मी विचारलं. बटण परत आणायचं तिकीट आता माझ्याच नावावर आहे. तीन आठवडे झाले, अजून त्याला मंजुरी नाही. दर सोमवारी मी ते पुन्हा वर काढते.